शिशाची गोडी

द्राक्षतोडणीचा दुसरा आठवडा, मंगळवार

बारक्या,

माझं अक्षर बघून कागद चुलीत टाकावासा वाटेल. टाक, पण आधी एवढं वाच. भट्टीकाका सुटला. काल सकाळी रसघराच्या दारात येऊन उभा राहिला.

मला वाटायचं, खाणीतून माणूस सुटला की घरी कोणीतरी वर्दी देत असेल. कोणी देत नाही. मी मोठ्या कढईवरचा फेस काढत होते, उजेड अडला म्हणून मान वर केली. ओळखलंच नाही. आपला काका या दारातून येताना वाकायचा, आठवतं? एकदा आपटलं होतं कपाळ, तर दिवसभर चौकटीला शिव्या देत होता. हा माणूस सरळ आत आला आणि तरी त्याच्या डोक्यावर हातभर जागा उरली. पाठ खचली आहे. उजवा कान नाही. केस गेलेत.

त्याने कढईकडे बघितलं, मग जाळाकडे.

"फेस काळा येतोय. लाकडं ओढ बाहेर."

बारा वर्षांनी पहिलं वाक्य हे. आणि बारक्या, मी खरंच खाली बसले आणि दोन लाकडं ओढली. सवय बघ. लहानपणी तो आपल्या भट्टीवर कामाला होता, तेव्हा सांगायचा तसंच.

"काका, कधी सुटलास?"

"गुरुवारी. चालत आलो."

"बस ना."

"बसून काय करू? काम आहे का?"

आता मी काय म्हणायला हवं होतं, तूच सांग. नाही म्हटलं असतं तर लोक विचारतील, बापाचा जीव घेणाऱ्याला दारात उभं तरी का केलंस. हो म्हटलं तर विचारतील, ठेवून का घेतलंस. तरी मी म्हटलं, "आहे." त्याने पाठीवरचं गाठोडं कोपऱ्यात ठेवलं आणि बाह्या वर केल्या. हातांवर वळ आहेत, पट्ट्यापट्ट्यांचे, कोपरापर्यंत. मी बघतेय हे त्याला कळलं, पण बाह्या खाली केल्या नाहीत.

पाववाला रस न्यायला आला, काकाला बघितलं आणि रिकामी मडकी उचलून तसाच परत गेला. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. बायका म्हणतात, मी फार मोठ्या मनाची.

इथलं बाकी काय सांगू? तू आणलेल्या साखरेची आता तीन दुकानं आहेत. पैसेवाल्यांच्या घरी पांढरे सुळके काचेखाली ठेवतात, पाहुण्यासमोर हातोडीने फोडतात आणि चिमटीने वाढतात, जणू मोती. बाकी गाव अजून आपल्यावरच चालतंय. तान्ह्याच्या पेजेत मध, आजाऱ्याच्या पाण्यात मध, आणि गोड पाव, लोणचं, मुरांबा, सगळ्याला आपला आटवलेला द्राक्षाचा रस. दहा घागरी रस आत ओतायचा आणि तीन बाहेर काढायचा. अजून तसंच.

काका काही विचारत नाही. त्या दिवसाबद्दल आपण दोघांनी जे सांगितलं, ते मी मोडलेलं नाही. तूही मोडू नकोस. बंदरावर जाणाऱ्या गाडीवानाजवळ हे पत्र देते आहे. तुझा ठावठिकाणा मला कसा कळला हे विचारू नकोस. माझ्याकडे तो पहिल्या वर्षापासून आहे.

ताई


तोडणीचा चौथा आठवडा, शुक्रवार

बारक्या,

तुझं उत्तर मिळालं. उत्तर कसलं, एक ओळ. "त्याला माझा पत्ता देऊ नकोस." ना ताई, ना कशी आहेस. ओळ कागदावर तिरकी चढत गेलीय. एकाच डोळ्याने लिहायला लागतं म्हणून ना? मी तो कागद बराच वेळ आडवा धरून बघत होते.

पत्ता नाही दिला. मागितलाही नाही त्याने.

काम मात्र दोन माणसांचं करतो. रस बोटाने चाखत नाही, फेसाच्या आवाजावरून सांगतो. "आता बोलायला लागला," म्हणतो. जेवताना भाकरी डाव्या हाताने झाकून खातो. मी हसले तर म्हणाला, "खाणीत न झाकता खाणारा माणूस मी एकच बघितला. त्याचं डोकं शेजाऱ्याने दगडाने फोडलं. आणि भाकरी पुसून खाल्ली." हे त्याने असं सांगितलं की जणू बाजारभाव सांगतोय. कान पहारेकऱ्याने कापला. काका पाणी प्यायला न विचारता उठला म्हणून. दुसऱ्या वर्षी दरड कोसळली, तेव्हा त्याच्या साखळीतले सहा जण मेले, आणि त्या सहा जणांना बांधलेला तो दीड दिवस तसाच पडून होता. कडी तोडायला लोहार यायचा होता.

मी ऐकते. त्याला रोज सकाळी वाटीभर गरम रस देते, पाण्यात कालवून. आवडीने पितो.

तुला एक आठवतं का? मधाचा हंगाम संपला की बाबा मधमाश्या पाळलेल्या टोपल्यांखाली गंधक पेटवायचे. आतल्या सगळ्या माश्या मरायच्या, मग पोळं पिळायचं. मेलेल्या माश्या मी केरसुणीने लोटायची, सुपं भरभरून. तू रडायचास आणि मी तुला हसायचे. काका त्या दिवशी काही ना काही निमित्त काढून लाकडं आणायला जायचा.

त्या दिवशीही तो लाकडंच आणायला गेला होता.

मी सगळं लिहून काढते. आपण दोघांनी ते कधी एकमेकांशीसुद्धा बोललेलं नाही. तू बंदरावरून साखर घेऊन आलास, समोरच दुकान थाटलंस, मोठी गिऱ्हाइकं तुझ्याकडे वळली. बाबांच्या जिवाला ते लागलं. गिऱ्हाइकांचं नव्हे, तुझं. मग त्यांनी कल्हईवाल्याला बोलावलं आणि मोठ्या कढईला आतून कल्हईच्या जागी शिसं ओतून घेतलं. शिशात आटवला की रस आणखी गोड होतो, टिकतोही. हे त्यांना कुठून कळलं कोण जाणे. पण झाला खरा गोड. तुझ्या साखरेच्या तोंडात मारेल असा. पाववाला खूश, गाव खूश.

मग आपली मांजर मेली, कढई चाटणारी. काकाच्या पोटात मुरडा धरायला लागला. त्याने भर बाजारात बाबांना सांगितलं, "मालक, ही कढई फोडा. नाहीतर मी फोडीन, आणि मध्ये आलात तर तुम्हालाही." शंभर माणसांनी ऐकलं ते. त्याच आठवड्यात पाववाल्याची मुलगी गेली. पोट धरून किंचाळत गेली. शेवटी तिला मनगटही उचलता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तू रसघरात आलास. म्हणालास, "बाबा, कढई फोडा. नाहीतर मी आत्ता पाववाल्याकडे जाऊन सांगतो, तुमची मुलगी कशाने मेली." बाबा म्हणाले, "तुझी साखर खपावी म्हणून बापाला फासावर देतोस?" आणि ढवळायचा दांडा उचलला. दोनदा तुझ्या खांद्यावर बसला. आवाज अजून कानात आहे. तिसऱ्यांदा उचलला, आणि मग बाबा पडले. दगडी टाकीच्या कडेवर. डोकं असं वाजलं की मडकं फुटलं असं वाटलं.

माझ्या हातात ओगराळं होतं, लांब दांड्याचं, काठोकाठ भरलेलं. उकळता रस पाण्यासारखा ओघळून जात नाही. चिकटतो, आणि चिकटून शिजवतो. मला हे माहीत होतं. मी दहा वर्षांची असल्यापासून त्या कढईपाशी उभी होते.

तुझ्या तोंडावर तो मीच फेकला. हे तुला माहीतच आहे. पण मी ते आजपर्यंत कुठे लिहिलेलं नव्हतं.

बाबा पडलेले बघून माझ्या अंगात काय शिरलं मला कळलं नाही. तू कढईबद्दल खरं बोलत होतास, हेही मला कळत होतं. ते कळत असतानाच फेकला.

ताई


पाचवा आठवडा, सोमवार

बारक्या,

तुझ्याकडून काही नाही. गाडीवान म्हणतो, पत्र तुझ्याच हातात दिलं. तू त्याला पाणीसुद्धा विचारलं नाहीस म्हणे, दार फटीएवढं उघडून हात बाहेर काढलास.

ऐक. काकाने विचारलं.

टाकी धुवत होतो आम्ही दोघं. तो आत उतरला होता, मी वरून पाणी घालत होते. एकदम थांबला. जिथे बाबांचं डोकं आपटलं होतं त्या कडेवर हात ठेवला.

"पोरी, मालकांना कोणी पाडलं?"

"काका, झालं ते झालं आता."

"माझं झालं. मी आत आलो तेव्हा मालक इथे पडलेले, आणि बारक्या तिथे भिंतीला तोंड घासत होता. मी मालकांना उचललं. माणसं आली. तुला विचारलं, कोणी केलं." तो माझ्याकडे बघत होता. "तू काय म्हणालीस?"

मी घागर रिकामी केली. त्याच्या अंगावरच झाली.

"काय म्हणालीस?"

"घाबरले होते मी."

"घाबरली होतीस," तो म्हणाला आणि पुन्हा घासायला लागला. मग आत वाकूनच म्हणाला, "बारा वर्षं मी रोज एकच गोष्ट केली. पन्नास दगड फोडले, की त्यांतला एक तुझ्या तोंडावर ठेवून फोडला, आणि एक त्याच्या."

तेव्हापासून माझी झोप उडालीय. तुला एक सांगायला हवं. बाबा गेल्यावर मी कढई बदलली नाही. दोन वर्षं. तू गेलास, काका गेला, सगळं माझ्यावर पडलं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं, तुमच्या हातची गोडी काही वेगळीच. मला माहीत होतं ती कसली गोडी आहे. पुढे माझ्याच पोटात कळा यायला लागल्या, तेव्हा ती कढई मी मागच्या खोलीत पालथी घातली. दुसऱ्यांच्या पोटात येत होत्या तेव्हा नाही.

फोडली मात्र नाही. का, ते विचारू नकोस.

ताई


तोडणी संपली. बुधवार ते शनिवार

बारक्या,

अक्षर ओळखणार नाहीस. डावा हात आहे. चार दिवस लागलेत, थोडं थोडं लिहिलंय.

सकाळच्या वाटीबद्दल तुला लिहिलं होतं. ती मी मागच्या खोलीतल्या कढईत करत होते. त्याच्यापुरती वेगळी. म्हातारा माणूस, खाणीतून आलेला, पोट धरून गेला तर कोण विचारणार आहे? तुझ्यासाठी केलं असं स्वतःला सांगत होते. खोटं आहे ते. माझ्यासाठीच करत होते.

बुधवारी सकाळी त्याने वाटी संपवली, पुसली आणि पालथी ठेवली.

"कढई कुठे आहे?"

"कुठली?"

"पोरी, मी आयुष्य रसापाशी काढलं. पहिल्याच दिवशी ओळखली चव."

"मग प्यायलास कशाला?"

"म्हटलं, थांबतेस का बघावं."

तो उठला. इतक्या चटकन उठेल असं वाटलं नव्हतं. माझे केस मुठीत धरून मला मागच्या खोलीत नेलं, कढई माझ्याकडूनच उचलून घेतली, भट्टीवर चढवली, रस ओतला. रसाला उकळी येईपर्यंत मला जमिनीवर बसवून ठेवलं, गुडघा माझ्या पाठीवर. मी किंचाळले. समोरच्या दुकानातली माणसं दारापर्यंत आली. त्याने वर बघितलं, तशी मागे गेली. या गावात किंकाळी ऐकून कोणी आत येत नाही, बघायला येतात.

"तू काय केलंस ते सांग."

मी सांगितलं. रस मी फेकला. माणसं आली, कोणी केलं म्हणून विचारलं, तेव्हा मी "काका" म्हटलं. इतकी वर्षं मी स्वतःला समजावत होते की मी नुसतं त्याच्याकडे बघितलं आणि लोकांनी काय ते ठरवलं. नाही. मी तोंडाने म्हटलं. दोनदा म्हटलं. आणि तू दवाखान्यात, तोंडाला पट्ट्या असताना, न्यायाधीशाला मान हलवून हो म्हणालास.

"आणि मालकांना कोणी पाडलं?"

मी दाराकडे सरपटायला बघितलं.

त्याने माझं मनगट धरलं आणि कढईवर नेलं. वाफेनेच कातडी सुटायला लागली होती.

"एक नाव सांग. सोडतो."

बारक्या, मी सांगितलं नाही. मी काही शूर नाही. मी पायांनी लाथा मारत होते, त्याला चावले, देवाला नको नको त्या शिव्या दिल्या. पण ते नाव तोंडात येईना. तुझं उरलेलं अर्धं तोंड डोळ्यांपुढे येत होतं. त्याने हात खाली नेला. मनगटापर्यंत.

माझ्यापेक्षा मोठ्याने तोच ओरडला. त्यानेच हात बाहेर ओढला, थंड रसाच्या पिंपात कोपरापर्यंत खुपसला, आणि मला पोटाशी धरून "काय केलं मी, काय केलं मी" करत बसला. मग मध आणला, मडकंभर ओतला, फडकं गुंडाळलं. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. बाकीची आहेत, पण उघडत नाहीत.

नंतर त्याने घणाने कढईचे तुकडे केले.

गुरुवारी मी पाववाल्याकडे गेले. त्याच्या भट्टीसमोर उभं राहून सगळं सांगितलं. मुलीचं, कढईचं, नंतरच्या दोन वर्षांचं. त्याने हातातलं पीठ झटकलं आणि माझ्या तोंडात मारली. पडले तर उठवून परत मारली. त्याची बायको मध्ये आली, मग तिनेही मारलं. शेवटी तो म्हणाला, "सात वर्षं चार महिन्यांची होती." एवढं बोलून पाव भाजायला वळला, कारण पाव करपत होते. मी चौकटीला धरून बाहेर आले. दोन दात तिथेच राहिले.

तिथूनच कचेरीत गेले. रस मी फेकला, खोटी साक्ष मी दिली, शिसं मला माहीत होतं, सगळं सांगितलं. कारकुनाने लिहून घेतलं आणि सहीपाशी अडला. म्हणाला, डाव्या हाताची सही चालत नाही, उजवा बरा झाल्यावर या. मी त्याच्या टेबलावर फडकं सोडून दाखवलं. तेव्हा उठून खिडकीपाशी गेला आणि म्हणाला, चालेल. सोमवारी मला न्यायला येतील.

माझा भाग मी लिहून दिला. तुझा नाही दिला. बाबा कसे पडले असं विचारलं, तर म्हटलं, तेव्हा मी कढईकडे बघत होते. एवढं एक खोटं मी तुझ्यासाठी ठेवलंय. माझं शेवटचं. त्याचं काय करायचं ते तू ठरव. पण ते आहे तोवर काका सुटूनही खुनीच आहे. कचेरी म्हणते, रस तू फेकलास हे मान्य, पण मालकाला त्याने मारलं नाही हे कुठे दिसतं? त्याची अर्धीच शिक्षा मी पुसू शकले.

आज सकाळी काका गाठोडं बांधून उभा राहिला.

"पत्ता दे."

"मारशील त्याला?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "बारा वर्षं माहीत होतं. बुधवारपासून माहीत नाही."

मी पत्ता दिला. तू नको म्हटलं होतंस, तरी दिला. पण एक अट घातली. हे पत्र त्याने न्यायचं, तुझ्या हातात द्यायचं आणि तू ते वाचेपर्यंत गप्प बसायचं. तो हो म्हणाला. त्याचा शब्द तुला माहीत आहे.

तेव्हा दार फटीएवढं उघडू नकोस. पूर्ण उघड. त्याला आत घे, पाणी दे, बसायला दे. तो तुझ्या तोंडाकडे बघेल. बघू दे. तूही त्याच्या कानाकडे बघ.

त्याला वाचता येत नाही. कचेरीतल्या जबाबात काय लिहिलंय हे न कळताच त्याने अंगठा दिला होता. म्हणून हे पत्र तू त्याला मोठ्याने वाचून दाखवायचं आहेस, पहिल्या ओळीपासून. पुढची ओळही वगळायची नाही. ती ओळ माझी नाही, तुझी आहे, आणि ती तुझ्या आवाजात त्याने ऐकायला हवी.

बाबांनी तिसऱ्यांदा दांडा उचलला, तेव्हा मी त्यांना ढकललं.

ताई